मजला चढवण्याआधी पाया तपासा

घरावर मजला वाढवायचाय? मिस्त्रीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जुनं घर लोड बेअरिंगचं असेल तर भार भिंतींवर असतो, आरसीसी असेल तर कॉलमवर. जुना नकाशा सापडत नसेल, तर कोपऱ्यात खड्डा घेऊन फुटिंग किती खोल, किती रुंद ते बघतात. या तपासणीचा खर्च टाळू नका, कळकळीने सांगतोय! गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांवर तर डोळे झाकून भरवसा नकोच. उघड्यावर गंजून त्या बारीक होतात. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याची मर्यादा) शिल्लक आहे का, हे आर्किटेक्टकडून समजून घ्या. परवानगीही आधीच हवी. महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्याखाली विनापरवाना बांधकाम पाडता येतं. आणि स्लॅब भरून वॉटरप्रूफिंग जूनच्या आत उरकेल, असा बेत आखा.