गुडघाभर पाणी आणि पोरांची समुद्रसहल

‘गुडघाभर पाण्यात काय होतंय?’ लालबाग-परळच्या चाळींपासून शिवाजी पार्कच्या सोसायट्यांपर्यंत हे वाक्य सुट्ट्या लागल्या की ऐकू येतंच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरायचं आणि अलिबाग, काशीद, नाहीतर मुरूड गाठायचं. दोन दिवस पोरं वाळूत, मोठी माणसं सुरूच्या सावलीत. बेत उत्तम आहे. आठवडाभर धावणाऱ्या आईबापांना अशी सुट्टी मिळायलाच हवी. पण त्या सावलीतून कुणीतरी मामा ओरडतो, ‘खेळू दे गं, गुडघाभरच आहे!’ आणि सगळे निर्धास्त होतात. हे निर्धास्त होणं चुकीचं आहे. का ते नीट समजून घ्या.

पहिला प्रश्न, गुडघा कुणाचा? मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतचं पाणी म्हणजे साधारण दीड फूट. तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन फूट उंच असतं. म्हणजे मामाच्या गुडघाभर पाण्यात भाचा कमरेपर्यंत बुडालेला असतो. त्यात फूटभर उंचीची लाट आली, जी आपण मोजतसुद्धा नाही, की पाणी त्याच्या छातीवर येतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. एकदा पाय सुटले की त्याला स्वतःहून उभं राहणं कठीण जातं.

दुसरी गोष्ट, समुद्राचं पाणी बादलीतल्यासारखं एका जागी थांबलेलं नसतं. लाट फुटून वर येते आणि मग उतारावरून परत जाते. ती परतताना पाण्यात उभे राहा आणि पायांकडे लक्ष द्या. टाचांखालची वाळू आधी जाते, मग तळव्याच्या कडांची. पाऊल खचतं, तोल मागे जातो आणि नेमकी तेव्हाच पुढची लाट समोरून येते. मोठं माणूस एक पाऊल मागे टाकून सावरतं. चार वर्षांच्या पोराकडे तेवढं वजनही नसतं आणि तेवढी समजही नसते. किनाऱ्याचा उतार जितका जास्त, तितकी ही परतीची ओढ जोरदार.

गिरगाव चौपाटीवर लहानाचे मोठे झालेल्यांना हे पटत नाही, कारण त्यांचा समुद्र वेगळा आहे. गिरगावची चौपाटी बॅकबेच्या कुशीत, दादरची माहीमच्या उपसागराच्या आत. दोन्हीकडे महापालिकेचे जीवरक्षक असतात. काशीदचा किनारा उघड्या अरबी समुद्रासमोर आहे. चौपाटीवर भेळ खात कमावलेला आत्मविश्वास तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. आत्ता गुडघाभर असलेलं पाणी तासाभराने किती असेल? अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला किल्ल्याभोवती पाणी. हाजी अलीचा रस्ता भरतीत पाण्याखाली जाताना पाहिलेल्या मुंबईकराला हे नवं नाही. तरीही पोरांना घेऊन किल्ल्यावर गेलेली कुटुंबं परतीला अडकतात. ‘येताना तर गुडघाभरच होतं,’ असं म्हणत पाण्यात उतरतात. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडतो. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशेब असा: एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळजवळ तीन फूट वाढतं. पाच वर्षांचं पोर उंचीने साडेतीन फुटांचं असतं. हिशेब तुम्हीच करा.

आणि भरतीची वेळ काढायला कुठलं यंत्र लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना नियम आहे: तिथीला पाऊणने गुणा, आलेल्या वाजता पूर्ण भरती. ज्या आजींनी पाऊणकीचा पाढा पाठ केला होता त्यांना हे क्षणात जमे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. दुपारी आणि पहाटे 3 च्या सुमारास भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साधारण सव्वानऊला. किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन चतुर्थीला घ्यायचं असेल तर पाणी उतरतं असतानाच, साडेआठपर्यंत निघावं आणि ओहोटी पूर्ण होताच परत फिरावं. सकाळी 10 च्या आत मुलं अलिबागच्या वाळूत असली पाहिजेत. दुपारी साडेअकरा ते दीड या वेळात पाणी सर्वात वेगाने चढतं. दोन्ही पक्षांत हाच नियम चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचं संकेतस्थळ आहे. आणि कोळीवाड्यात विचारलंत तर कोणीही सांगेल. ‘काल 9 ला ओहोटी होती, म्हणजे आजही 9 ला’ हे मात्र चूक. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता यावर हमखास येणारं उत्तर: ‘आम्ही इथेच बसलोय, काही झालं तर ओरडेल ना!’ नाही ओरडणार. बुडणारं माणूस हात हलवून ‘वाचवा’ म्हणतं हे सिनेमात. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांचं प्रत्यक्ष चित्रीकरण केलं आणि त्याचा अभ्यास केला. त्याची निरीक्षणं आज जगभर जीवरक्षकांना शिकवली जातात. तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वास घ्यायलाही अपुरं पडतं, ओरडायचं कुठून? हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, वर करून हलवता येतच नाहीत. शरीर उभं राहतं, पायांची हालचाल जवळजवळ नसते. हे सगळं वीस ते साठ सेकंद चालतं, मग मूल पाण्याखाली जातं. सावलीतून पाहणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं. आवाज बंद होणं हीच धोक्याची खूण आहे.

‘पावसाळ्यातच जपायचं असतं’ हेही तितकंच चूक. मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, तो दिवस होता 1 फेब्रुवारी 2016.

‘जिथे लाटा फुटत नाहीत, तिथे पोरांना सोडा.’ अत्यंत घातक सल्ला. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक सपाट पट्टा दिसतोय, तर किनाऱ्यावर साठलेलं पाणी बहुधा त्याच पट्ट्यातून समुद्रात परत जात असतं. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या माहितीप्रमाणे अशा प्रवाहाचा वेग सेकंदाला आठ फुटांपर्यंत जाऊ शकतो. ऑलिम्पिकचा जलतरणपटूही त्याच्या विरुद्ध टिकणार नाही. हा प्रवाह तळाला खेचत नाही, आत वाहून नेतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करू नका. तरंगत राहा आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्याबाहेर पडा.

‘हवेची रिंग घातलीय ना!’ ते खेळणं आहे. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात आणि रिंगेला पोरासकट घेऊन जातात.

‘तलावात पोहायला शिकलाय तो.’ तलावात लाट नसते, ओढ नसते आणि तळ दिसतो.

‘ढगाळ आहे, ऊन लागणार नाही.’ विरळ ढगांतून अतिनील किरण सहज पार होतात. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा ढगाळ दिवशीही हवा.

‘खाल्ल्यावर तासभर पाण्यात जायचं नाही’ याला पुरावा नाही, अमेरिकन रेड क्रॉसच्या सल्लागारांनी 2011 मध्ये तसं स्पष्ट केलं. धोका पोरांनी खाल्लेल्या पोह्यांचा नसून राखण करणाऱ्याने घेतलेल्या बिअरचा आहे.

‘जेलीफिश लागली तर वाळूने घासा.’ घासल्याने उरलेल्या पेशीही विष सोडतात. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखी ब्लूबॉटल येते. ती वाळूत मेल्यासारखी पडलेली असली तरी डंख मारते. चिकटलेले धागे उघड्या बोटांनी न धरता काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. मुलांच्या बाबतीत पाणी किती गरम आहे ते आधी स्वतःच्या हातावर पाहा. पाकटाच्या काट्यालाही गरम पाणीच, पण तिथे डॉक्टर हवाच. सप्टेंबर 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला अनेक भक्तांना पाकटांनी डंख मारले होते. गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत चाला. पाकट चाहूल लागून बाजूला होतं.

शेवटचा गैरसमज जीव घेणारा आहे: बुडालेल्या मुलाला बाहेर काढलं की उलटं धरायचं, पोट दाबून पाणी काढायचं. कृपा करून हे करू नका. पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाचा वेळ फुकट जातो. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागी निजवा, तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा. दुसऱ्या कुणाला तरी 108 वर फोन करायला लावा. हे प्रशिक्षण काही तासांत घेता येतं.

या सुट्टीला निघण्याआधी घरातल्या एकाने तरी ते घ्यावं. कॅलेंडरवर तिथी पाहून भरतीची वेळ सगळ्यांना सांगून ठेवावी. आणि पोरं पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने, मोबाइल पिशवीत ठेवून, त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाण्यातच उभं राहावं. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, म्हणजे सावलीत बसायला प्रत्येकाला मिळेल.