हत्यारांच्या पेटींतील अनोळखी वस्तु

गोंदियास लागून असलेल्या फुलचूरसारख्या गांवीं एखाद्या कारागिराची जुनी पेटी विकत मिळाली, तर तींतील करवत, पटाशी, कानस हीं कोणासहि ओळखतां येतात. परंतु तळाशीं चारदोन वस्तु अशा निघतात कीं, विकणारास त्यांचें नांव सांगतां येत नाहीं आणि घेणाराची कल्पना मात्र धांवूं लागते. अशा वेळीं दप्तरांस जो नियम आम्ही लावितों तोच लावावा. रुमालांतील एक कागद जसा सोबतच्या कागदांवरून वाचावयाचा, तशी पेटींतील वस्तु सोबतच्या वस्तूंवरून व त्या प्रांतींच्या धंद्यांवरून वाचावी. ह्या भागापुरतें बोलावयाचें तर भाताच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने व रेल्वे हे तीन धंदे प्रथम ध्यानांत घेतले पाहिजेत.

टोंकास निमुळती व एका अंगास उघडी अशी लोखंडी पोकळ नळी सांपडल्यास तिला भाल्याचें फळ ठरविण्याचा मोह होतो. वस्तुतः पोतें न उसवितां आंतील धान्याचा नमुना काढण्याचें तें साधन असूं शकतें. परीक्षा सोपी आहे. भाल्याच्या फळास धार असते व त्याच्या खोबणींत दांडा बसतो. ह्या नळीस धार नसून केवळ अणी असते, आणि मागील तोंड मोकळें असतें. कारण दाणे तेथूनच हातावर ओघळावयाचे असतात. आंतील बाजू दाण्यांच्या घर्षणानें गुळगुळीत झालेली दिसल्यास संशय उरत नाहीं.

लहानसा चौकोनी पत्रा पाहून त्यावर कांहीं कोरलेलें आहे काय, हें शोधण्यांत वेळ दवडूं नये. विडीसाठीं तेंदूचें पान अशा पत्र्याच्या मापानें कात्रीनें कापतात. कडा चोहोंकडून सारख्या झिजलेल्या असल्या व सोबत कात्री निघाली, तर निर्णय पक्का समजावा.

चौकोनी भोंकाची जड किल्ली बहुधा रेल्वेच्या डब्याची असते. तिच्यावरील अक्षरें म्हणजे आयती मुद्राच होय. बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली, १९४४ सालीं तिचा कारभार सरकारकडे आला आणि १९५२ च्या पुनर्रचनेंत तिचें नांव मावळलें. १९५५ सालीं दक्षिण-पूर्व रेल्वे व २००३ सालीं दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे अस्तित्वांत आली. अर्थात् ‘बी. एन. आर.’ हीं अक्षरें किल्ली केव्हां घडली तें सांगतात, पेटींत केव्हां आली तें सांगत नाहींत. हा भेद विसरल्यामुळेंच पुष्कळ चुका होतात.

पितळी लहान वजनें व तांबड्या-काळ्या गुंजा एकत्र सांपडल्या, तर सोनाराचा हात ओळखावा. ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा हें कोष्टक सर्वश्रुत आहे. इंग्रजी अमलांत ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमांचा, त्या हिशेबानें मासा ०.९७ ग्रॅम होतो. दशमान वजनें १९५६ च्या कायद्यानंतर प्रचारांत आलीं. मासा व ग्रॅम ह्यांत अंतर अवघें २८ मिलिग्रॅम. तेव्हां झिजलेला ग्रॅम माशाच्या वजनास उतरूं शकतो. म्हणून एकट्या लहान वजनावर विसंबूं नये. त्याच संचांतील मोठें वजन ११.६६ भरतें कीं १०, हें पाहतांच शंका फिटते. चिंचेनें वा राखेनें घांसून वजनें चकचकीत करणारा गृहस्थ हा पुरावाच घांसून टाकितो.

शेवटीं एका वस्तूविषयीं निक्षून सांगणें अवश्य आहे. दोन मऊ शिशाच्या पट्ट्या जोडलेली पत्र्याची चपटी, वाटोळी डबी निघाली, तर ती मलमाची किंवा तपकिरीची समजून उघडूं नये. धुक्यांत रुळावर बांधण्याचा तो फटाका असूं शकतो. चाकाखालीं फुटून तो आवाजानें चालकास सावध करितो. तो जुना झाला म्हणून निरुपद्रवी झाला, असें मुळींच नाहीं. अशी डबी ठोकूं, तापवूं वा घांसूं नये, हातांत घेऊन हिंडूं नये. जागच्या जागीं ठेवून पोलिसांस कळवावें. संग्रहांत एक वस्तु कमी झाली तरी चालेल.

तात्पर्य, पेटी हातीं येतांच तींतील वस्तु निवडून वेगळ्या काढण्यापूर्वीं त्यांचा क्रम टिपावा व छायाचित्र घ्यावें. विकणारानें सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत उतरून ठेवावी. गंज व मळ तूर्त तसाच राहूं द्यावा. मग माप, वजन व झीज पाहावी, आणि नांव सर्वांत शेवटीं द्यावें. नळी एकाकडे, वजनें दुसऱ्याकडे व पत्रा भंगारांत गेला, म्हणजे प्रत्येक वस्तु कदाचित् शिल्लक राहील. पण त्या एकाच मनुष्याच्या हातांतल्या होत्या, हा दाखला पुन्हां मिळावयाचा नाहीं. सामान्य कारागिरांच्या घरीं दप्तरें क्वचितच असतात. त्यांची पेटी हेंच त्यांचें दप्तर होय, आणि तें फोडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.