खेळ नवा, पडदा जुना

२५ सप्टेंबर २००७. मध्यरात्र उलटताच अमेरिकेतील दुकानांसमोर ताटकळलेल्या तरुणांच्या हाती ‘हेलो ३’ हा व्हिडिओ गेम पडला. पहिल्याच दिवशी तेथे १७ कोटी डॉलरची विक्री झाली!

खेळापाठोपाठ घरोघरी दुसरा हट्ट सुरू झाला, हाय डेफिनिशन टीव्हीचा. जुन्या अमेरिकन संचावर चित्राच्या जेमतेम ४८० रेषा दिसत. नव्यावर ७२० किंवा १०८०. २००६ मध्ये आलेल्या ‘डेड रायझिंग’मधील बारीक अक्षरे जुन्या पडद्यावर वाचताना अनेकांचे डोळे शिणले. म्हणजे खेळ मुलांचा, खर्च आईवडिलांच्या माथी!

गंमत अशी, की ‘हेलो ३’चे चित्र मुळात ६४० रेषांचेच होते, यंत्र ते ताणून मोठे करी. जुन्या संचासमोर चार मित्र दाटीवाटीने बसले, तरी डाव तितकाच रंगे. ज्या आईवडिलांनी घाई केली नाही, त्यांचे फारसे बिघडले नाही.