आजींची चौकशी एकदाच

इंग्लंडमध्ये 1948 साली लागू झालेल्या कायद्यांनी वृद्धांची काळजी दोन खात्यांत वाटली. आजारपण राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेलं, तिथे उपचार मोफत. आंघोळ, जेवण, घरकाम यांतली मदत स्थानिक परिषदेकडे. तिथे उत्पन्न आणि शिल्लक पाहून पैसे भरावे लागतात. पण घरात पडलेल्या आजींची गरज अशी खातेनिहाय नसते. नर्स जखम बघणार, सोशल वर्कर स्वयंपाकाचं विचारणार, ऑक्युपेशनल थेरपिस्ट जिना आणि बाथरूम तपासणार. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, त्यामुळे आजींना दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागे.

2001 च्या वृद्धविषयक राष्ट्रीय आराखड्यात यावर एकच सामाईक प्रक्रिया सुचवली गेली. तिचे चार स्तर होते.

पहिला स्तर प्राथमिक चौकशीचा. नर्स असो वा सोशल वर्कर, आजींशी जो आधी बोलेल त्यानेच ती करायची. अडचण काय, कधीपासून, आजींना स्वतःला कोणता उपाय सुचतो, घरच्यांचं म्हणणं काय, अलीकडे काही मोठं घडलं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आजोबा नुकतेच गेले असतील, एकटीपुरतं रांधणं आजींनी सोडलं असेल, तर पडण्याचं कारण गुडघ्यात नसून रिकाम्या पोटात असू शकतं.

गरज अनेक अंगांची दिसली तर दुसरा स्तर, म्हणजे एकंदर आढावा: नजर, ऐकणं, मनःस्थिती, नातीगोती, घरातली सुरक्षितता. तिसऱ्यात एखाद्याच मुद्द्याची तज्ज्ञाकडून तपासणी, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंशाची शंका. चौथा सर्वंकष, वृद्धाश्रमात कायमचं हलवण्याचा विचार असेल तर तो हवाच. सगळ्यांना चारही स्तरांतून जावं लागत नसे. गरज तेवढीच खोली.

मिळालेली माहिती आजींच्या संमतीने पुढच्याला द्यायची आणि त्याने तिथूनच पुढे विचारायचं. इथेच घोडं अडायचं, कारण दवाखान्याचे आणि परिषदेचे संगणक एकमेकांशी जोडलेले नसत. म्हणून काही ठिकाणी नोंदींची प्रत आजींच्याच घरी ठेवली जाई. येणारा ती वाचून मगच प्रश्न विचारी.

पुढे 2014 च्या केअर अ‍ॅक्टने, संमती असल्यास, दोन खात्यांची मूल्यमापनं एकत्र करण्याची मुभा परिषदांना दिली. मात्र सामाईक फॉर्म भरला म्हणजे समन्वय झाला असं नाही. कोण कधी येणार हे आजींच्या योजनेत लिहिलेलं हवं, आणि कोणी आलंच नाही तर फोन कुणाला करायचा त्याचं एकच नावही.