एमडी स्किनची परीक्षा: अँकीमध्ये कार्ड कसं बनवायचं?
अँकी म्हणजे आपण विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा समोर आणणारं ॲप. पण त्यात नुसतं 'फोटो आणि आजाराचं नाव' नको. प्रॅक्टिकलला परीक्षक बहुतेक वेळा आधी "काय दिसतंय?" असंच विचारतात. म्हणून कार्डाच्या मागे आधी वर्णन लिहा, मग निदान.

ॲटलासमधले बरेच फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या त्वचेवर तोच लालसरपणा जांभळट किंवा तपकिरी दिसतो, आणि केस तिथेच हुकते! तेव्हा फोटो आपल्या ओपीडीतलेच वापरा. पेशंटची लेखी संमती हवीच, ओळख झाका, गॅलरीचा ऑटो-बॅकअपही बंद ठेवा.

स्लाइड्ससाठी 'इमेज ऑक्लूजन' वापरा: भाग झाकायचा, ओळखायचा. अँकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर (अँकीड्रॉइड) फुकट आहे. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात.