कॅन्सर सगळ्यांना सारखाच? मराठवाड्यातले काही गैरसमज

कॅन्सर गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे अर्धेच खरे आहे. गर्भाशयमुखाचा आणि तोंडाचा कॅन्सर हातावर पोट असलेल्या घरांत जास्त आढळतो, आणि तोही बहुधा पुढच्या टप्प्यात.

याचा दोष सरसकट अडाणीपणावर ढकलला जातो. खेड्यातल्या बायका लाजेमुळे तपासून घेत नाहीत, असे म्हणतात. लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला अनुभव वेगळा आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांच्या सहभागाने १९९९ मध्ये तिथे सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. ज्या गटाला एचपीव्ही (या कॅन्सरला कारणीभूत विषाणू) चाचणीसाठी बोलावले, त्यातल्या दहापैकी जवळपास आठ जणी आल्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी गावापर्यंत गेली, तेव्हा बायका आल्या.

सुई लावली की गाठ पसरते, ही भीती मात्र सर्व थरांत आहे आणि ती निराधार आहे. गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणता उपचार द्यायचा हेच ठरत नाही.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘योजनेत बसले की सगळे फुकट’. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण त्यात शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार बसतात. बुडालेली मजुरी बसत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून किरण देताना साधारण २५ बैठका लागतात, आठवड्यात पाच. एकेक बैठक काही मिनिटांची, पण त्यासाठी पाच आठवडे मुक्काम. रोजंदारीवरची बाई आणि सोबत आलेला नवरा, दोघांचीही हजेरी बुडते. खोलीभाडे, जेवण वेगळेच. उपचार अर्ध्यावर सुटण्यामागे बरेचदा हाच हिशेब असतो.

उपचारासाठी मुंबईच गाठावी लागते, असेही नाही. किरणोपचार बार्शीला आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयातही होतात. तरी नांदेडहून संभाजीनगर सुमारे अडीचशे किलोमीटर पडते. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयातून डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.