विश्लेषण : कमरेचे स्नायू किती राबतात, हे मोजायचे कसे?

नागपूर जिल्ह्यातील भिवापुरात मिरचीचा तोडा सुरू झाला, की बायका दिवसदिवस शेतात वाकलेल्या असतात. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची हातानेच तोडावी लागते. संध्याकाळी कंबर धरते. मग कुणी पट्टा सुचवतो, कुणी व्यायाम. त्याने स्नायूंच्या कामात खरेच फरक पडतो का, हे सांगायचे तर ते काम आधी नीट मोजता आले पाहिजे.

मोजतात कसे?

स्नायू आवळला, की त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड ती टिपतात. ईसीजीत हृदयाची वीज टिपतात, तसेच. या चाचणीला सरफेस ईएमजी म्हणतात. दुखऱ्या कमरेची तुलना करायला निरोगी कमरेचा आकडा पक्का हवा. म्हणून निरोगी प्रौढांवर ही चाचणी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करून पाहतात.

घोडे इथेच अडते. इलेक्ट्रोड थोडा सरकला तरी आकडा बदलतो. घाम, तेल, केस यांनीही बदलतो. कातडीखालची चरबी सिग्नल दाबते. शिवाय हृदयाचे ठोके धडाच्या नोंदीत घुसतात, ते गाळावे लागतात. युरोपातील ‘सेनिअम’ प्रकल्पाने १९९०च्या दशकात यासाठी शिफारशी केल्या : त्वचा स्वच्छ करा, दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवा, जागा हाडांच्या खुणांवरून ठरवा.

एवढे करूनही दोन माणसांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. म्हणून प्रत्येकाला आधी पूर्ण जोर लावायला सांगतात, तो १०० टक्के धरतात आणि बाकीचे काम त्याच्या टक्क्यांत मांडतात. पण कंबर दुखणारा माणूस भीतीपोटी हात राखूनच जोर लावतो. मग १०० टक्केच खोटे ठरतात! त्यामुळे काही अभ्यासक कमी जोराची एखादी ठरावीक कृती आधाराला घेतात.

पुन्हा मोजल्यावर निकाल किती जुळतात, हे आयसीसी नावाच्या गुणांकाने सांगतात. साधारणपणे ०.७५ च्या वर चांगला, ०.९ च्या वर उत्तम. तेवढ्यावर मात्र भागत नाही. समजा, काहीही न करता आकडा १५ टक्के इकडेतिकडे होत असेल, तर व्यायामानंतर दिसलेल्या १० टक्के सुधारणेला काय अर्थ?

आकडा कमी म्हणजे आराम?

नाही. निरोगी माणूस उभ्याने पूर्ण खाली वाकला, की पाठीच्या वरच्या थरातील स्नायूंची वीज जवळजवळ थांबते. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५५ मध्ये हे सविस्तर मांडले. तेव्हा भार बराचसा मणक्यांच्या अस्थिबंधांवर जातो. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत ही शांतता येतच नाही. म्हणजे मिरची तोडताना पूर्ण वाकलेल्या निरोगी बाईच्या पाठीवर यंत्र लावले, तर ते ‘काम नाही’ असे दाखवू शकेल, आणि कंबर तर भार सोसतेच आहे.

पोटाचा सर्वांत आतला स्नायू त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला वेगळा सापडत नाही. त्यासाठी बारीक तार आत घालावी लागते किंवा सोनोग्राफीत जाडी पाहावी लागते. फिजिओथेरपिस्टकडची हवेची पिशवी स्वस्त पडते. पालथे झोपवून ती पोटाखाली ठेवतात, पाऱ्याच्या ७० मिलिमीटर दाबापर्यंत फुगवतात आणि पोट आत ओढल्यावर काटा किती उतरतो ते पाहतात. मात्र ती दाब मोजते, स्नायूची वीज नव्हे.

ईएमजीचा अहवाल हाती आला तर दोन गोष्टी विचाराव्यात : इलेक्ट्रोड मागच्याच जागी लावले होते का, आणि १०० टक्के कशाला धरले?